नव टेकांवरचा भाडेकरू

नाशकात चालायचं असेल तर आधी गाडी काढावी लागते. पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या सोसायटीतले निम्मे लोक रोज पहाटे तेच करत. कुणी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जाई, कुणी गोल्फ क्लबच्या मैदानावर. तिथे गाडी लावायला जागा मिळवताना हात, मान, घसा आणि रक्तदाब यांचा जो काही व्यायाम व्हायचा तो होऊन जाई. मग उरलेल्या वेळात दोन फेऱ्या, एक नारळपाणी आणि ट्रॅफिक वाढण्याआधी घरी. डॉक्टरांनी माझी साखर पाहून ‘चाला’ असं सांगितल्यावर मीही या यात्रेत सामील झालो. महिनाअखेरीस साखर होती तिथेच होती, पेट्रोलचं बिल मात्र वाढलं होतं.

अशा नाजूक काळात माणसाने परदेशी विचारवंत वाचू नयेत. मी वाचला. पॅरिसच्या सोरबोन विद्यापीठातले कार्लोस मोरेनो नावाचे प्राध्यापक. २०१६ साली त्यांनी ‘पंधरा मिनिटांचं शहर’ ही कल्पना मांडली. शाळा, दवाखाना, बाजार, कचेरी, बाग, सगळं घरापासून पायी किंवा सायकलवर पंधरा मिनिटांत असावं. पॅरिसच्या तेव्हाच्या महापौर आन इदाल्गो यांनी २०२०च्या निवडणुकीत तो चक्क प्रचाराचा मुद्दा केला आणि त्या निवडूनही आल्या. आमच्याकडे कोथिंबिरीच्या जुडीसाठी स्कूटरला किक मारावी लागते, हे मला त्या रात्री फार लागलं.

मुलीच्या दप्तरातून कंपास काढला. जुन्या दिवाळी अंकाबरोबर आलेला शहराचा नकाशा डायनिंग टेबलावर पसरला आणि वकीलवाडीतल्या माझ्या ऑफिसवर टोक रोवून वर्तुळ मारलं. आत काय काय आलं! रविवार कारंजा, मेन रोड, शालिमार, सीबीएस, भद्रकालीची भाजी, सराफ बाजार, १८४० साली सुरू झालेलं सार्वजनिक वाचनालय, कालिदास कलामंदिर आणि पलीकडे गंगा. नकाशावर गोदावरी लिहिलं असलं तरी नाशिककर गंगेवरच जातो. पॅरिसवाले ज्यासाठी निवडणुका लढवतात ते आपल्या पूर्वजांनी पेशवाईतच करून ठेवलंय, असं छोटेखानी भाषण मी टेबलाशी उभं राहून केलं.

“इथेही सगळं पंधरा मिनिटांवरच आहे,” बायको म्हणाली.

“गाडीने!”

“मग पायी जा म्हणून कोणी मागे लागलंय का?”

मुलीने फक्त नकाशाला पडलेलं भोक पाहिलं आणि टेबलालाही पडलंय का ते तपासलं. पडलं होतं.

शेवटी अकरा महिने राहून बघू, यावर तह झाला. आमचा फ्लॅट अंबडच्या एका कंपनीतल्या तरुण इंजिनिअरला भाड्याने दिला. मागे फिरायची वाट राहू नये म्हणून मी स्कूटर विकून टाकली. तो निर्णय मी एकट्याने घेतला होता आणि स्कूटर बायकोची होती, हे दोन तपशील पुढे आमच्या घरात नेहमी जोडीने उच्चारले गेले.

घर दाखवायला जो एजंट मिळाला तो रविवार कारंज्यावर बाइकवर बसूनच भेटला आणि मी त्याला बाइकवरून उतरलेला असा कधी पाहिला नाही. एक घर संपलं की चाळीस पावलांवरच्या दुसऱ्या घरासाठी तो मला मागे बसवी, नो एंट्रीतून उलटा घुसे, दोन हातगाड्या आणि एक गाय चुकवी आणि म्हणे, “बघा सर, किती जवळ!” त्याच्या लेखी सगळंच वॉकिंग डिस्टन्स होतं. सीबीएस वॉकिंग, शालिमार वॉकिंग, पंचवटी तर काय पूल ओलांडला की आलीच.

“आणि रेल्वे स्टेशन?” मी खवचटपणे विचारलं. स्टेशन नाशिक रोडला. इथून नऊ-दहा किलोमीटर.

“तेही वॉकिंगच धरा सर,” तो म्हणाला, “मनावर घेतलं तर.”

जुन्या नाशकात भाड्याने घर शोधणं म्हणजे घर बघणं कमी आणि घर आपल्याला बघतं जास्त. एका वाड्यात काकूंनी दारातच आडनाव विचारलं. आडनावावरून नक्की समजेना म्हणून गाव विचारलं. गावावरूनही समजेना तेव्हा कुलदैवत विचारलं. त्या चौकशीला नेमकं कोणतं उत्तर हवं आहे हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं आणि दोन्ही बाजू चहा पीत राहतात. मीही प्यालो. मग त्यांनी सौम्यपणे विचारलं, “घरात अंडंबिंडं?”

“क्वचित,” मी म्हणालो.

“रोज,” मुलगी म्हणाली.

दुसरा एक वाडा मला फार आवडला. दिंडी दरवाजा, आत चौक, कोरीव खांब, वर सागवानी तक्तपोशी. मी खांबावरून हात फिरवत “हे खरं घर” वगैरे बोलू लागलो तेव्हा आतल्या जुन्या भाडेकरूने दरवाजामागची नोटीस दाखवली. पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांवर लागते तसली होती. शेजारी मागच्या वर्षीचीही होती. तिच्याखाली त्याआधीच्या वर्षीची. अशा वाड्यांचं दुखणं जुनं आहे. भाडं इतकं कमी की मालकाला दुरुस्ती परवडत नाही, आणि सोडलं तर पुन्हा मिळणार नाही म्हणून भाडेकरू हलत नाही. दोघेही तिसऱ्याची वाट पाहतात आणि तो तिसरा म्हणजे जुलै महिना.

अखेर मेन रोडपासून आत, तिवंध्याच्या बाजूला घर मिळालं. जुना वाडा पाडून उभी केलेली अरुंद इमारत. तळाला मालक काका-काकू, तिसऱ्या मजल्यावर आम्ही, लिफ्ट नाही. “लिफ्टची गरजच काय?” मी बायकोला म्हणालो, “चालायलाच तर आलोय.” पहिल्यांदा भाजीच्या दोन पिशव्या घेऊन वर आलो तेव्हा मला बोलता येत नव्हतं, म्हणून हे वाक्य तिने माझ्या वतीने पुन्हा म्हटलं.

तो चढ फक्त जिन्याचा नव्हता. नाशिक नव टेकांवर वसवलं, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत होतो. गावाच्या कौतुकाला असलं काहीतरी म्हणतात, एवढीच माझी समजूत. पण जुनी गढी, डिंगरअळी, सोनारअळी, महालक्ष्मी, चित्रघंटा ही टेकं खरोखरच आहेत. वस्तीने, पायऱ्यांनी आणि दुकानांच्या पाट्यांनी ती इतकी झाकून टाकलीत की गाडीवरून जाणाऱ्याला कळतसुद्धा नाहीत. पायी जाणाऱ्याच्या पोटऱ्यांना पहिल्याच संध्याकाळी कळतात. कंपासने मारलेल्या वर्तुळाला चढ नसतो. पॅरिसच्या प्राध्यापकांना मी डिंगरअळीतून एक फेरी मारायला बोलावणार आहे. हातात पाच किलो कांदे देईन.

पण त्याआधी कराराची गोष्ट सांगायला हवी.

“अकरा महिन्यांचाच ना? मग नोटरी करून टाकू,” काका म्हणाले. धोतर, बंडी, नाकावर ओघळलेला चष्मा, समोर पंचांग. मला त्यांची दया आली. आदल्या रात्रीच मी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ वाचून काढला होता.

“काका,” मी प्रेमाने म्हणालो, “हा फार मोठा गैरसमज आहे बरं का. एक वर्षावरचा भाडेपट्टा असेल तर नोंदणी सक्तीची, असं केंद्राचा नोंदणी कायदा म्हणतो. म्हणून अकरा महिन्यांची पळवाट रुजली. पण महाराष्ट्रात कलम ५५ आहे. मुदत कितीही असो, करार लेखीच हवा आणि नोंदवलेलाच हवा. जबाबदारी घरमालकाची. चुकलात तर तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर पाच हजारांपर्यंत दंड. किंवा दोन्ही!”

काकांनी पंचांग मिटलं. “पोटकलम दोन?”

“अं?”

“करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे नोटरीवर भागवलं असतं तर फायदा तुमचा होता. मी मुद्दामच विचारलं, म्हटलं भाडेकरू वाचणारा आहे की पुरतं वाचणारा.”

काका दुय्यम निबंधक कार्यालयातून निवृत्त झाले होते. काकूंनी आतून चहा आणला तेव्हा त्या हसू आवरत होत्या. हा प्रयोग त्यांनी आधीही पाहिला असावा.

काकांना कायद्याची गोडी नोकरीने लावली नव्हती. त्यांच्या वडिलांच्या वाड्यात एक भाडेकरू होता. त्याच्या भाड्यात मालकाचा महिन्याचा चहा सुटत नव्हता आणि त्याला हलवायला जो दावा लावला त्याने काकांची उमेदीची वर्षं खाल्ली. वाडा पडला, दावा उभा राहिला. तेव्हापासून त्यांचं आवडतं कलम २४. मुदत संपल्यावर परवानाधारक, म्हणजे आमच्यासारखा करारावरचा भाडेकरू, जागा सोडत नसेल तर दुप्पट दराने भरपाई. ते हे कलम आम्हाला मोठ्याने वाचून दाखवत आणि वाचून झाल्यावर मुलीच्या हातावर खडीसाखर ठेवत.

“तुमचा स्वतःचा फ्लॅट भाड्याने दिलाय म्हणालात ना?” उठता उठता त्यांनी विचारलं. “त्याचा करार नोंदवलाय?”

अंबडच्या इंजिनिअरबरोबर मी पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर अकरा महिन्यांचं नोटरी करून मोकळा झालो होतो. मी चहा प्यायला सुरुवात केली. कप रिकामा होता.

नोंदणी आता ऑनलाइन होते. एक मुलगा लॅपटॉप आणि अंगठा घ्यायचं यंत्र घेऊन घरी आला. एकूण भाडं आणि अनामतीवर धरलेलं वर्षाचं दहा टक्के व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक, शहरात एक हजार नोंदणी फी. लॅपटॉपवर आकडा उमटायच्या आत काकांनी तो सांगितला होता. काकांचा अंगठा पहिल्या फटक्यात जुळला. माझा आधारशी जुळेना. साबणाने धुतला, पुसला, खोबरेल लावलं, फुंकर मारली. यंत्राच्या मते मी मी नव्हतो.

“सर, घरी भांडी घासता का?” मुलाने आपुलकीने विचारलं. “कधीकधी रेषा झिजतात.”

बायको इतकी हसली की तिला गॅलरीत जावं लागलं. शेवटी करंगळी चालली. साठ वर्षं जुन्या वाड्याच्या जागेवर करंगळीच्या जोरावर राहायला आलेला माणूस म्हणून काकू अजून माझी ओळख करून देतात.

सामानाचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी थांबला, कारण गल्ली त्याच्याहून अरुंद होती. तिथून पुढे हातगाडी. कपाट गॅलरीतून दोरखंडाने वर घ्यायचं ठरलं आणि क्षणात खाली गल्ली जमली. प्रत्येकाने आयुष्यात निदान एक कपाट वर चढवलेलं होतं. पांढऱ्या शर्टातल्या एका गृहस्थाने सूत्रं हाती घेतली. “डावीकडून ढील द्या! भिंत सांभाळा! ओ भाऊ, तुम्ही बाजूला व्हा!” हे शेवटचं मला. कपाट वर पोहोचल्यावर मी त्यांचे आभार मानत विचारलं, आपण काकांचे कोण? ते म्हणाले, कोणी नाही, दही आणायला चाललो होतो. दिवाण मात्र दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकला तो अडकलाच. संध्याकाळपर्यंत इमारतीतले लोक त्याच्यावरून चढून जात होते. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी मध्येच दमल्या म्हणून त्याच्यावर जरा बसल्याही. रात्री सुताराने त्याचे पाय कापले आणि तो बुटका होऊन घरात आला. मुलीचं म्हणणं, घरात सगळ्यात आधी जमवून घेतलं ते त्यानेच.

गाडी उभी करायला मात्र बित्तंभर जागा नव्हती. अंबडच्या इंजिनिअरकडे गाडी नव्हती आणि आमचं पार्किंग रिकामंच होतं, म्हणून ती पाथर्डी फाट्यावरच ठेवली. त्यातून जी व्यवस्था निघाली ती मी कुणाला समजावून सांगू शकलो नाही. सासुरवाडीला ओझरला जायचं तर मी आधी सिटीलिंकच्या बसने शहराच्या एका टोकाला पाथर्डी फाट्यावर जाई, तिथून गाडी काढून उलटा शहरात येई, बायको-मुलीला शालिमारला घेई आणि मग दुसऱ्या टोकाने ओझरकडे. परतताना हेच उलट. ज्या माणसाने गाडीतून सुटका व्हावी म्हणून घर बदललं, तो आता गाडी काढायला बसने जात होता.

राहिलं चालणं. ऑफिस दहा मिनिटांवर. पहिल्या दिवशी मी नवे बूट घालून, हात हलवत, छाती काढून निघालो. फुटपाथ होता, पण त्यावर बनियन, मोबाइलची कव्हरं आणि प्लॅस्टिकचे डबे आधीच राहायला आलेले होते, म्हणून रस्त्यावरून निघालो. अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका हा १.१ किलोमीटरचा स्मार्ट रोड सोडला तर पायी माणसाला स्वतःची अशी पट्टी इकडे मिळत नाही, आणि तिथेही ती बऱ्याचदा दुचाक्यांशी वाटून घ्यावी लागते. पण अडथळा फुटपाथचा नव्हताच, माणसांचा होता. गाडीत बसलेल्या माणसाला फक्त सिग्नल थांबवतो. चालणाऱ्याला कुणीही थांबवू शकतं. कटलरीवाला, काकांचे मित्र, शाळेतले सर, शाळेत नसलेलेही सर. दहा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागू लागला. साहेबांनी विचारलं, “पाथर्डी फाट्यावरून वेळेवर यायचात. आता काय झालं?” मी म्हणालो, “सर, जवळ राहायला आलो.”

शिवाय वर्तुळ काढताना मी ग्रंथालय आणि नाट्यगृह मोजलं होतं, बाकीचं मोजायचं राहून गेलं. कोंडाजीचा चिवडा, सायंताराचा साबुदाणा वडा, बुधा हलवायाची जिलबी, सगळं वर्तुळात. पूर्वी जिलबी खायची तर गाडी काढा, पार्किंग शोधा, त्यापेक्षा नको, असा संयम आपोआप घडे. आता संयम मला स्वतःला करावा लागणार होता, आणि त्याची सवय नव्हती. डॉक्टरांनी वजनकाट्याकडे दोनदा पाहिलं.

“चालणं चालू आहे ना?”

“रोज!”

“कुठे चालता?”

यावर मी जे उत्तर दिलं ते ऐकून त्यांनी गोळी बदलली.

तरीही हे सगळं मी निभावून नेलं असतं. खरी अडचण भूमितीची होती. मला पायी जाता येईल अशा अंतरावर जे जे होतं, त्या सगळ्यांपासून मीही पायी येण्याच्या अंतरावर होतो. पाथर्डी फाट्यावर वर्षाकाठी दोन पाहुणे येत, तेही लग्नपत्रिका द्यायला. इथे आल्यावर कळलं की आमचे नातेवाईक खूप आहेत आणि सगळ्यांची कामं मेन रोडला असतात. बस्त्याला आलेले पिशव्या ठेवायला येत. सराफाकडे आलेले, दागिना घेण्याआधी एकदा घरातल्या माणसाला दाखवावा म्हणून येत. सीबीएसवर दोन एसट्यांच्या मधला वेळ ज्यांच्याकडे असे ते तो वेळ आमच्याकडे आणून ठेवत. आणि मुलांचं निमित्त करून कुणी दुपारी आडवं व्हायला आलं तर त्या बुटक्या दिवाणाची फार स्तुती होई. उतरायला सोपा.

त्यात रामकुंड. अस्थी विसर्जनाला, दशक्रियेला अख्ख्या महाराष्ट्रातून माणसं येतात. बायकोच्या मावसभावाच्या साडूंच्या घरचे असे एकदा सकाळी आले. सुतक, ओली वस्त्रं, सगळ्यांनी अंघोळ करूनच निघायचं. तळमजल्यावर काकू शास्त्राने पहारा देत होत्या. अंघोळीवाचून कुणालाही जिन्यावर बसू देईनात, आणि न्हाणीघर तर वर आमच्याकडे. नळ सकाळीच जाऊन बसलेला. टाकी संपली, पिंप संपलं, शेवटी पिण्याच्या पाण्याचे जार. त्यांच्यातल्या एका अबोल गृहस्थांना मी आग्रहाने दोनदा चहा दिला, नाश्ता दिला, टॉवेल दिला. सगळे गेल्यावर ते म्हणाले, “मी गीझर बघायला आलोय. काकांनी पाठवलं.”

रंगपंचमीची सूचना मला सगळ्यांनी दिली होती. नाशकात रंग धुळवडीला नाही, पंचमीला. आणि जुन्या नाशकात रंग पिचकारीने नाही, रहाडीत. रहाड म्हणजे पेशवेकालीन दगडी हौद. वर्षभर जमिनीखाली बुजवलेला असतो, त्यावरून गाड्या जातात. पंचमीच्या आधी उकरून काढतात, पूजा करतात, रंग उकळून ओततात आणि त्यात माणसं उडी मारतात. त्या उडीला म्हणतात धप्पा. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. शनि चौकाचा गुलाबी, आमच्या तिवंध्याचा पिवळा. मी पाथर्डी फाट्यावरून हे दरवर्षी बातम्यांत पाहत असे आणि ‘आपला वारसा’ असं लिहून पुढे पाठवत असे.

त्या दिवशी दुपारी दूध संपलं. मी खिडकीतून अंदाज घेतला, गल्ली शांत होती. दुसऱ्या दिवशी मुंबईहून मोठे साहेब येणार म्हणून नवा पांढरा शर्ट शिवून आणला होता. तो मापाला बरोबर आहे का ते पाहायला नेमका अंगात घातला होता. पाच मिनिटांचं काम, म्हणून तसाच उतरलो. वळणावर पांढऱ्या शर्टातले, म्हणजे पूर्वी पांढऱ्या, आता पिवळ्या, ते दहीवाले गृहस्थ उभे होते. “अरे, कपाटवाले!” ते ओरडले. बाकीचं फार झपाट्याने झालं. मला एवढंच आठवतं की मी हवेत होतो आणि दुधाचे पैसे मुठीत घट्ट धरलेले होते. साहेबांपुढे मी कान, मान आणि नखं पिवळी घेऊन बसलो. त्यांनी बैठकीत तीनदा मला घरी जाऊन आराम करायला सांगितलं. शेवटी खाजगीत विचारलं, “कावीळ कोणत्या प्रकारची आहे?”

पावसाळा आला तसा काकांचा १९६९ सुरू झाला. त्या वर्षीचा महापूर त्यांनी लहानपणी पाहिला होता. २००८, २०१६, २०१९ हे पूर त्यांच्या दृष्टीने नुसते नळ फुटल्यासारखे. नाशकात पूर फुटांत मोजत नाहीत. गंगेच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला लागलं, यावर गाव ठरवतं की घाबरायचं का. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की दूरदूरचे लोक गाड्या काढून मारुती बघायला येतात आणि पुराच्या आधी ट्रॅफिकने रस्ते तुंबतात. मी मात्र पायी! तुंबलेल्या गाड्यांच्या मधून पुढे जाताना मला पॅरिस, मोरेनो आणि मी स्वतः, तिघांचाही अभिमान वाटला.

पाणी सराफ बाजाराकडे चढू लागलं तेव्हा खालच्या बाजूच्या ओळखीच्या दुकानदारांची धावपळ सुरू झाली. आमचं घर टेकावर. मी पुढे झालो. “माल माझ्याकडे आणा. तिसरा मजला आहे, पाणी येणार नाही.” दुकानातला पोरगा एकावर एक खोकी देत गेला आणि मी ती छातीशी धरून, कुणावर विश्वास न ठेवता, पावसात चढ आणि चढावर जिना अशा फेऱ्या मारत राहिलो. रात्री दाराला आतून खुर्ची लावली. मुलीला खोक्यांच्या आसपास फिरकू दिलं नाही. मला झोप लागली नाही. सकाळी पाणी उतरल्यावर शेटजी स्वतः आभार मानायला आले.

“सोनं सुरक्षित आहे,” मी घसा खाकरून म्हणालो.

“ते तर काल दुपारीच बँकेच्या लॉकरात गेलं,” शेटजी म्हणाले. “ह्या नुसत्या डब्या आहेत. पण मखमलीच्या आहेत, भिजल्या असत्या. फार केलंत.”

पोटऱ्या आठवडाभर बोलत होत्या. शेटजींनी एक डबी भेट दिली, रिकामी.

अकरा महिने संपत आले. मी मनातल्या मनात पाथर्डी फाट्याचं स्वयंपाकघर आठवू लागलो होतो. कसं सांगावं या विचारात असताना कळलं की सांगायची सोयच नाही. बायको आता काकूंच्या भिशीत होती, भजनी मंडळात होती, भद्रकालीत कुठला भाजीवाला सकाळी खरा भाव सांगतो हे तिला ठाऊक होतं. मुलगी वाचनालयातून एकटी ये-जा करू लागली होती आणि तिवंध्याच्या रहाडीच्या पोरींच्या ग्रुपमध्ये होती. राहायचं की नाही, हा प्रश्न त्यांनी माझ्याकडे आणलाच नाही.

काकांनी नवा मसुदा आणला. भाडं दहा टक्के वाढलेलं, कलम २४ ठळक अक्षरांत आणि एक नवीन अट. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ला, आणि अमृतस्नानाच्या पर्वण्या २०२७च्या ऑगस्ट-सप्टेंबरात. ‘पर्वकाळात परवानाधारकाने आपल्या ताब्यातील हॉल घरमालकाच्या आप्तेष्टांना निवासासाठी उपलब्ध करून द्यावा.’ मी उसळलो. अहो, पर्वणीला आमचेच किती येणार आहेत! ओझरचे, धुळ्याचे, मावसभावाच्या साडूंचे. शिवाय गीझरवाले. कुणी कुणी तर मागच्या दिवाळीतच दिवाण धरून ठेवलाय. ही अट कायद्यात बसत नाही, मी कलम शोधू लागलो.

बायकोने कागद माझ्या हातातून घेतला. “हॉल देऊ, काका. त्या बदल्यात जिन्याखाली एक गाडी लावायला जागा.”

“तुमची गाडी तर पाथर्डी फाट्यावर असते ना?”

“स्कूटर. शनिवारी येतेय.”

ही बातमी मला आणि काकांना एकाच वेळी कळली. काकांनी चष्मा वर केला, पेन काढलं आणि सुंदर वळणदार अक्षरात समासात लिहिलं, ‘जिन्याखालील जागा परवानाधारकाच्या पत्नीच्या वाहनासाठी राहील. सदर वाहन विकण्याचा, गहाण ठेवण्याचा वा अन्य प्रकारे विल्हेवाट लावण्याचा कोणताही अधिकार परवानाधारकास राहणार नाही.’

“काही हरकत?” त्यांनी विचारलं.

“नाही,” बायकोने माझ्या वतीने सांगितलं आणि माझी करंगळी यंत्रावर ठेवली.